घराण्यात चालत आलेला जीनमधला बिघाड आणि कर्करोगाचा धोका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या ज्या घरांत एकापेक्षा जास्त जणांना कर्करोग झाला आहे, किंवा ज्यांना डॉक्टरांनी "जेनेटिक टेस्ट करून घ्या" असं सांगितलं आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. निर्णय तुमची फाईल पाहिलेल्या डॉक्टरांसोबत बसूनच घ्यायचा. त्यांच्यापुढे बसण्याआधी जे माहीत असायला हवं, ते इथे दिलं आहे.

घरात तीन जणांना कॅन्सर झाला. म्हणजे आमच्या रक्तातच आहे ना?

बहुतेकदा नाही. एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आईवडिलांकडून आलेल्या जीनमधल्या बिघाडामुळे होतात. आपल्याकडे एकाच घरात बाप, चुलता आणि भाऊ अशा तिघांना तोंडाचा कर्करोग झालेला दिसतो, तेव्हा त्यामागे जवळजवळ नेहमी तंबाखू, गुटखा किंवा मिश्री असते. घरात जीन एक असतात तशा सवयीही एकच असतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सासूला आणि सुनेला झाला तर तो एचपीव्ही या विषाणूमुळे. रक्ताच्या नात्याचा तिथे प्रश्नच नाही.

किती जणांना झाला यापेक्षा कोणता झाला आणि कोणत्या वयात झाला, हे जास्त महत्त्वाचं. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट घरात असेल तर जीनच्या तपासणीचा विचार करा: स्तनाचा कर्करोग पंचेचाळिशीच्या आत, किंवा दोन्ही बाजूंना, 'ट्रिपल निगेटिव्ह' (गाठीच्या तपासणीत ईआर, पीआर आणि हर-२ हे तिन्ही निगेटिव्ह आलेला) स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात झालेला अंडाशयाचा कर्करोग, स्वादुपिंडाचा कर्करोग, हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग, मोठ्या आतड्याचा किंवा गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग पन्नाशीच्या आत, एकाच माणसाला दोन वेगवेगळे कर्करोग. लहान बाळाच्या डोळ्यात फोटो काढताना बुबुळाऐवजी पांढरी चमक दिसली तर मात्र विचार करत बसू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या, तो डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असू शकतो.

बिघाड म्हणजे नेमकं काय होतं?

पेशी विभागताना डीएनएमध्ये रोज चुका होतात आणि काही जीन त्या दुरुस्त करतात. अशा प्रत्येक जीनच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. जन्मतःच एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. पुढे कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की त्या पेशीत चुका साचत जातात. म्हणून बिघाड असणाऱ्याला कर्करोग होईलच असं नाही, आणि झाला तर बहुतेकदा इतरांपेक्षा लहान वयात होतो.

सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ यांचं. पहिला १९९४ मध्ये शोधून वेगळा केला गेला, दुसरा १९९५ मध्ये. त्यांच्याशिवाय पाल्ब-२, टीपी-५३, आतड्याच्या कर्करोगाशी जोडलेले एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२ (या चारांमुळे होणाऱ्या स्थितीला लिंच सिंड्रोम म्हणतात), आतड्यात शेकड्यांनी गाठी आणणारा एपीसी, आणि बाळांच्या डोळ्याच्या कर्करोगाचा आरबी-१ हेही तितकेच महत्त्वाचे.

धोका किती असतो ते आकड्यांत सांगा.

बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के. अंडाशयाच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. एका स्तनाला कर्करोग होऊन गेल्यावर पुढच्या २० वर्षांत दुसऱ्या बाजूला होण्याची शक्यता ४० आणि २६ टक्के. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातले हे आकडे आहेत आणि तो मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या कुटुंबांवर झाला होता. आपल्यासाठी ते दिशा दाखवतात, एवढंच.

दोन्ही जीनमध्ये काय फरक आहे ते लक्षात ठेवा. अंडाशयाचा धोका बीआरसीए-१ मध्ये जास्त आणि लवकर असतो. पुरुषांचा धोका बीआरसीए-२ मध्ये जास्त असतो. "ब्राका (म्हणजे बीआरसीए) पॉझिटिव्ह आहे" एवढंच कोणी सांगितलं तर कोणता, ते विचारा. पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं.

आत्याला झाला, म्हणजे तो वडिलांकडचा. मला मुलगी म्हणून त्याचं काय?

हा गैरसमज आपल्याकडे सर्रास आहे आणि त्यात बायकांचा जीव जातो. सातबाऱ्यावर लेकीचं नाव लागायला पिढ्या गेल्या, पण जीनचा वाटा पहिल्यापासून लेकाला आणि लेकीला सारखाच मिळत आला आहे. बिघाड असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. बापाला स्वतःला बहुतेकदा काही झालेलं नसतं, कारण त्याला अंडाशय नाहीत आणि स्तनाचा धोका कमी. पण तोच बिघाड तो मुलीला देऊ शकतो. त्यामुळे आत्या, आजी (वडिलांची आई) आणि चुलत बहिणी यांची माहिती आईकडच्या माहितीइतकीच मोलाची.

बिघाड एक पिढी सोडून पुढे जात नाही. तो तुम्हाला मिळाला नसेल तर तुमच्या मुलांना तुमच्याकडून मिळणार नाही.

घराण्याची माहिती गोळा करायची म्हणजे काय करायचं?

एका कोऱ्या कागदावर तीन पिढ्या मांडा: तुमची भावंडं, आईवडील आणि त्यांची भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कर्करोग झालेल्याचा आकार भरून टाका. बाजूला तीन गोष्टी लिहा: कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी कळला, आज माणूस आहे की नाही. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायका या कागदावरून हमखास गळतात, कारण त्यांची हकीकत सासरच्या घरात राहते. एखाद्या कार्याला सगळे जमतात तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसा. तिला सगळं ठाऊक असतं, फक्त ती आजाराचं नाव वेगळं घेते.

"कॅन्सर होता का?" असं थेट विचारलं तर बऱ्याचदा "नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी लक्षणं विचारा. "पोटात पाणी झालं, पोट फुगलं आणि दोन-चार महिन्यांत गेली" यामागे अंडाशयाचा कर्करोग असू शकतो. "छातीला गाठ होती, फुटून वाहायची" हे स्तनाचं. "कावीळ उतरलीच नाही, वाळून गेला" हे स्वादुपिंडाचं असू शकतं, यकृताचंही. "रक्ती मूळव्याध होती, औषधपाणी केलं पण गेला" यात मोठ्या आतड्याचा कर्करोग लपलेला असू शकतो. हे अंदाज आहेत, निदान नाही. म्हणून कागदावर ऐकलं तसंच, बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहा आणि समुपदेशकाला (घराण्यातला धोका आणि टेस्टचा अर्थ समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला) ठरवू द्या.

जुने कागद शोधा. सगळ्यात उपयोगाचा कागद म्हणजे गाठीच्या तुकड्याचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, त्यानंतर डिस्चार्ज कार्ड. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तिथल्याच शासकीय कर्करोग रुग्णालयात, लातूरला, नांदेडला, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा मुंबईत टाटाला उपचार झाले असतील तर केस पेपरचा नंबर जपा. नंबर असला तर जुनी नोंद सापडण्याची आशा असते; नुसत्या नावावर ती सापडणं फार अवघड.

माझी पिशवी काढलेली आहे. मग अंडाशयाच्या कर्करोगाची भीती गेली ना?

गेली असं गृहीत धरू नका. आपल्या भागात, विशेषतः बीडमधल्या ऊसतोड मजूर बायकांमध्ये, तरुणपणीच गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण मोठं आहे. २०१९ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. पण 'पिशवी काढली' या एका शब्दात तीन वेगवेगळ्या शस्त्रक्रिया दडलेल्या असतात: फक्त गर्भपिशवी काढलेली, पिशवी आणि एका बाजूचं अंडाशय काढलेलं, पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं आणि गर्भनलिका काढलेल्या. कर्करोगाचा धोका अंडाशयात आणि नलिकेच्या झालरीसारख्या टोकात असतो. ती जागेवर असतील तर धोकाही जागेवरच आहे.

काय काढलं ते डिस्चार्ज कार्डावर असतं. ते हरवलं असेल तर चांगल्या सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते पाहता येतं, पण पाळी गेलेल्या बाईचं अंडाशय आकसलेलं असतं आणि कधीकधी दिसतच नाही. त्यामुळे "दिसलं नाही" म्हणजे "काढलेलं आहे" असा अर्थ घेऊ नये.

यातूनच आणखी एक गुंता होतो, आणि तो बाहेरच्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. ज्या घरात आई, मावशी आणि आत्या यांची अंडाशयं तिशीतच निघून गेली, त्या घरात बिघाड असूनही अंडाशयाचा कर्करोग कोणालाच होत नाही. कागदावर घराणं स्वच्छ दिसतं. म्हणून कुटुंबाच्या कागदावर प्रत्येक बाईपुढे पिशवी काढली का, कितव्या वर्षी, आणि अंडाशय ठेवली का, हेही लिहा.

तिशीत अंडाशय गेलेल्या बाईची पाळी अचानक जाते. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, जीनचा रिपोर्ट काहीही असो.

घरात सगळ्यांनी एकदम टेस्ट करून घ्यावी का?

नको. आधी ज्याला कर्करोग झाला आहे त्याची, आणि असे अनेक असतील तर सगळ्यात लहान वयात ज्याला झाला त्याची. कारण साधं आहे. कर्करोग न झालेल्या बहिणीची टेस्ट निगेटिव्ह आली तर दोन शक्यता उरतात: घरातला बिघाड तिला मिळाला नाही, किंवा घरातला बिघाड या टेस्टला सापडणाराच नाही. यातली कोणती खरी, हे तिच्या एकटीच्या रक्तावरून कळत नाही. रुग्णामध्ये बिघाड नेमका कुठे आहे ते कळलं, की बाकीच्यांची फक्त तेवढी एक जागा तपासायची. त्याला पूर्ण पॅनेलपेक्षा (अनेक जीनच्या एकत्र तपासणीपेक्षा) बराच कमी खर्च येतो आणि उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट मिळतं.

रुग्णाची तब्येत फार खालावली असेल तर रक्त आधी घेऊन ठेवा. डीएनए काढून साठवता येतो. माणूस गेल्यावर ही संधी पुन्हा येत नाही.

रक्त किती लागतं? उपाशीपोटी द्यायचं का?

२ ते ५ मिलिलिटर, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. उपाशी राहायची गरज नाही. काही लॅब लाळेवरही करतात.

चुका होतात त्या रक्त घेतल्यानंतर. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी केली नाही तर रक्त गोठतं आणि नमुना वाया जातो. हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये घेतलं तर तपासणीत अडथळा येतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना नमुना दिवसभर मोटारसायकलच्या डिकीत राहिला तर डीएनए खराब होतो. थंड जेल पॅकसोबत पाठवायचं, पण बर्फात गोठवायचं नाही. ट्यूबवर पूर्ण नाव, वय आणि तारीख तुमच्यासमोर लिहून घ्या. एकाच घरातल्या दोन बहिणींचे नमुने एकाच दिवशी जाणार असतील तर दोनदा तपासा.

नुकतंच रक्त चढवलं असेल तर लॅबला सांगा, काही आठवडे थांबावं लागतं. रक्ताचा कर्करोग असेल किंवा बोन मॅरो बदललेला असेल तर रक्तावरची टेस्ट फसवी ठरू शकते. तेव्हा त्वचेच्या छोट्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशी वापरतात.

रिपोर्टला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. ऑर्डर देण्याआधी एक प्रश्न विचारा: "यात जीनचे मोठे तुकडे गळालेले असतील तर तेही सापडतात का?" साध्या वाचनात ते निसटू शकतात आणि त्यासाठी एमएलपीए नावाची जोड-तपासणी लागू शकते.

गाठीच्या तुकड्यावर टेस्ट झाली आहे, त्यात बीआरसीए पॉझिटिव्ह आलं. मग आता मुलांनाही धोका का?

अजून सांगता येत नाही. तो बिघाड फक्त गाठीत निर्माण झालेला असू शकतो, आणि तसा असेल तर तो मुलांकडे जात नाही. रक्तावर वेगळी तपासणी करून खात्री करावी लागते. याच्या उलट, गाठीच्या तुकड्यात काही सापडलं नाही म्हणून आनुवंशिक बिघाड नाहीच, असंही म्हणता येत नाही.

खर्च किती? जायचं कुठे?

अनेक जीन एकत्र तपासणारं पॅनेल खासगी लॅबमध्ये काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत जातं. दर लॅबनुसार बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. कर्करोगाचे अनेक उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, पण जीनची टेस्ट त्यात धरून चालू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लेखी विचारून घ्या. आनुवंशिक कर्करोगाचं समुपदेशन आणि तपासणी टाटा मेमोरियल सेंटरमध्ये होते. त्यांचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक खारघरला आहे. परळच्या रुग्णालयात जायचं की खारघरला, हे निघण्याआधी फोनवर पक्कं करा. नांदेड-परभणीहून रात्रभर प्रवास करून चुकीच्या ठिकाणी पोचणं फार महागात पडतं.

कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. फक्त बिघाड असलेल्या निरोगी नातेवाइकाला ती लागू नाही. समुपदेशन व्हिडिओ कॉलवरही होतं, रक्त जिल्ह्याच्या ठिकाणी देता येतं. समुपदेशनाशिवाय टेस्ट मात्र करू नका. रिपोर्ट हातात येतो, पण पुढे काय करायचं ते सांगायला कोणी नसतं.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं?

पहिल्या पानावर तीनपैकी एक निकाल असतो. 'पॅथोजेनिक' किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' म्हणजे बिघाड घातक आहे आणि त्यावर पावलं उचलायची. 'निगेटिव्ह' म्हणजे तपासलेल्या जीनमध्ये काही सापडलं नाही. तिसरा निकाल 'व्हीयूएस': बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी हे आज ठरत नाही.

या तिसऱ्या निकालावरून सगळ्यात जास्त घोटाळा होतो. जगातल्या माहितीच्या साठ्यात भारतीय माणसांचे जीन कमी आहेत, म्हणून आपल्याकडे व्हीयूएस जास्त येतात. त्याच्या भरवशावर अंडाशय किंवा स्तन काढू नका आणि नातेवाइकांची तपासणीही लावू नका. तपासणीचं वेळापत्रक घराण्याच्या इतिहासावर ठरतं. दर एक-दोन वर्षांनी लॅबला विचारा, वर्गीकरण बदललं का. पुढे बहुतेक व्हीयूएस निरुपद्रवीच ठरतात.

काही बिघाड जगभर पुन्हा पुन्हा सापडतात. बीआरसीए-१ मधला १८५डेलएजी हा त्यातलाच. तो ज्यू समाजातला म्हणून ओळखला जातो, पण भारतातही वरचेवर आढळतो.

मुलीची टेस्ट कितव्या वर्षी करायची?

बीआरसीए आणि लिंच यांसाठी अठराच्या आत नको. त्या वयात करण्यासारखं काही नसतं, आणि मोठी झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्यावं. अपवाद असे: आरबी-१ असेल तर बाळाची जन्मतःच, कारण डोळ्यांची तपासणी पहिल्या आठवड्यांपासून लागते, एपीसी असेल तर दहा-बारा वर्षांपर्यंत, कारण त्याच वयापासून आतड्याची दुर्बिणीने तपासणी सुरू होते, टीपी-५३ असेल तर बालपणीच.

पॉझिटिव्ह आलं. स्तनांची तपासणी कशी आणि कधी?

बीआरसीए-१ किंवा २ असलेल्या बाईने अठरापासून आपल्या स्तनांची ओळख ठेवायची. पंचविशीपासून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांच्या हाताने तपासणी आणि वर्षातून एकदा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट येण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन स्तनांचा एमआरआय. तिशीपासून त्यात वर्षाला एक मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. एमआरआय आणि मॅमोग्राफी सहा महिन्यांच्या अंतराने आलटूनपालटून लावली तर मधली गाठ लवकर सापडते.

एमआरआयची वेळ ठरवण्याआधी सेंटरला फोन करून विचारा: "ब्रेस्ट कॉइल आहे का?" बाई पालथी झोपते आणि दोन्ही स्तन त्या साच्यात मोकळे राहतात, तेव्हाच चित्र नीट येतं. सगळ्याच मशीनसोबत ती नसते, आणि तिच्याशिवाय काढलेला एमआरआय म्हणजे पैसे वाया. पाळी सुरू असेल तर पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसांत करा. इतर दिवसांत स्तनाची पेशीजाळी कॉन्ट्रास्ट जास्त घेते आणि विनाकारण शंका निघतात. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करतंय का ते दाखवणारी तपासणी) तपासून न्या. एमआरआय शक्यच नसेल तर मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी करा, ती नसल्यापेक्षा बरी. दरवर्षीचे जुने फिल्म आणि सीडी सोबत न्या. तुलना करायला मागचं चित्र नसेल तर साध्या बदलाचीही बायोप्सी होते.

अंडाशयाची तपासणी दरवर्षी सोनोग्राफीने केली तर पुरे ना?

नाही. हे स्पष्ट सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं. योनीमार्गातून सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी, या दोन्हींनी अंडाशयाचा कर्करोग लवकर पकडून जीव वाचतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि काही महिन्यांत पोटात पाणी होतं. म्हणून मुलं झाल्यावर दोन्ही अंडाशयं आणि नलिका काढण्याचा सल्ला देतात: बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० वर्षांत, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ वर्षांत. त्याने अंडाशय-नलिकेच्या कर्करोगाचा धोका ८० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होतो. पोटाच्या आतल्या आवरणात थोडा धोका उरतो.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. जड ओझं चार ते सहा आठवडे उचलायचं नाही, म्हणून कापूस वेचणी किंवा ऊसतोड सुरू होण्याच्या तोंडावर तारीख घेऊ नका. सर्जनला आधीच सांगा की हे बीआरसीएसाठी आहे. नलिकेचं टोक बारीक काप घेऊन पूर्ण तपासावं लागतं, आणि त्यासाठी पॅथॉलॉजिस्टला तसं लेखी कळवावं लागतं. तसं कळवलं नाही तर एखादा काप पाहून बाकीचं सोडून दिलं जातं, आणि तिथेच लपलेला सूक्ष्म कर्करोग निसटतो.

स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरकांच्या गोळ्या घेता येतात का, हे विचारा. बऱ्याच जणींना त्या देता येतात, आणि भीतीपोटी नाकारल्या जातात.

दोन्ही स्तन काढूनच टाकावेत का?

धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो, पण ही निवड आहे, सक्ती नाही. एमआरआय नियमित करणारी बाईही योग्य मार्गावर आहे. ज्या बाईला वर्षातून दोनदा संभाजीनगर किंवा पुण्याला जाणं खरोखर शक्य नाही, तिने मात्र शस्त्रक्रियेचा गंभीरपणे विचार करावा. कागदावरचं वेळापत्रक पाळलं गेलं नाही तर त्याचा उपयोग शून्य. स्तनाची पुनर्रचना त्याच वेळी करता येते, ती करणाऱ्या प्लास्टिक सर्जनला आधीच भेटा.

पुरुषांनी काय करायचं?

बीआरसीए-२ असेल तर स्तनाच्या कर्करोगाची शक्यता आयुष्यभरात सुमारे ७ टक्के, बीआरसीए-१ मध्ये साधारण १ टक्का. पस्तिशीपासून छाती चाचपून पाहा. बोंडाखाली घट्ट गाठ किंवा बोंडातून रक्त आलं तर दाखवा. बीआरसीए-२ मध्ये चाळिशीपासून दरवर्षी पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी.

लिंच सिंड्रोम निघाला. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) किती वेळा?

एमएलएच-१ आणि एमएसएच-२ मध्ये २० ते २५ वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी. एमएसएच-६ आणि पीएमएस-२ मध्ये ३० ते ३५ पासून. बायकांना गर्भपिशवीच्या अस्तराचा धोकाही मोठा असतो, त्यामुळे अंगावरून अवेळी किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं तर थांबायचं नाही.

तपासणी फसते ती आतडं स्वच्छ नसल्यामुळे. तीन दिवस आधीपासून ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, जवस, पेरू, टोमॅटोच्या बिया बंद. भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताक चालतं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवा, त्यांनी आतडं काळं दिसतं. आदल्या दिवशी फक्त पातळ: शहाळं, लिंबू सरबत, गाळलेलं वरणाचं पाणी, बिनदुधाचा चहा. जुलाबाचं औषध दोन भागांत घ्या, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार-सहा तास आधी. सगळं एकदम रात्री घेतलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूच्या आतड्यात पुन्हा चिकट थर जमतो, आणि लिंचच्या गाठी नेमक्या त्याच बाजूला जास्त असतात. शेवटी शौचाला पिवळसर स्वच्छ पाणी यायला हवं.

दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या लिंचच्या रुग्णांत आतड्याचा कर्करोग कमी झाल्याचं एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पण पोटात अल्सर, रक्तस्राव होऊ शकतो. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

हळद, गोमूत्र, काढे?

बिघडलेला जीन कशानेही दुरुस्त होत नाही. तंबाखू आणि दारू बंद, वजन आटोक्यात, बाळाला अंगावर पाजणं, याचा उपयोग आहे.

मामाच्या मुलीशी लग्न ठरलं आहे. काही अडचण?

घराण्यात बिघाड सापडलेला असेल तर लग्नाआधी दोघांची तपासणी करा. मामा-भाचे एकाच घराण्यातले, त्यामुळे नवरा-बायको दोघांकडे तोच बिघाड असू शकतो. बीआरसीए-२ च्या दोन्ही प्रती बिघडलेलं बाळ जन्मलं तर त्याला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला ही शक्यता २५ टक्के. लिंचच्या जीनमध्ये असं झालं तर कर्करोग बालपणीच होतो.

सोयरिकीत सांगायचं का? ज्याच्याशी संसार करायचा त्याला लग्नाआधी सांगावं असं आमचं मत आहे. मुलं कधी होऊ द्यायची, अंडाशय कधी काढायचं, हे दोघांचे निर्णय आहेत. गावाला सांगायची गरज नाही. आणि ही विचारपूस फक्त मुलीकडच्यांची होऊ नये, मुलगाही तितकाच वाहक असू शकतो.

विम्याचं काय?

मार्च २०१८ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने आरोग्य विमा कंपन्यांना नव्या पॉलिसीत आनुवंशिक आजार वगळण्याची अट घालू नये असं कळवलं. तरी प्रपोजल फॉर्ममधल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. माहिती लपवल्याचं निघालं तर दावा अडकतो. घरात टेस्टचा विचार सुरू असेल तर पॉलिसी आधी काढून ठेवणं शहाणपणाचं.

कॅन्सर तर झालाच. आता टेस्ट करून काय उपयोग?

उपचार बदलू शकतात. बीआरसीएचा बिघाड असेल तर ओलापॅरिबसारखी औषधं काही टप्प्यांवर काम करतात, शस्त्रक्रिया किती मोठी करायची तेही ठरतं. टीपी-५३ असेल तर रेडिएशन शक्यतो टाळतात, कारण त्यानेच नवा कर्करोग होऊ शकतो; म्हणून ही शंका असेल तर टेस्ट रेडिएशनच्या आधी.

भावकीला सांगायचं कसं?

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. एकेकाला फोन करा, मग हा मजकूर पाठवा, म्हणजे त्यांना तो डॉक्टरांना दाखवता येईल:

"दादा, मला छातीचा कॅन्सर झाल्यावर रक्ताची जीनची तपासणी केली. बीआरसीए-१ मध्ये बिघाड निघाला. तो बहुतेक बाबांकडून आला आहे, कारण आत्याही अशाच आजाराने गेली. तुला आणि तुझ्या मुलींना तो असेल की नाही, हे एका रक्ततपासणीत कळतं. माझ्या रिपोर्टची प्रत पाठवते. तुझी फक्त तेवढी एक जागा तपासायची, पूर्ण पॅनेल नको. तुला काही त्रास नसला तरी मुली अठराच्या झाल्या की त्यांनी डॉक्टरांना भेटावं. कळवणं माझं काम, करायचं की नाही ते तू ठरव."

कोणी चिडेल, कोणी "तुझंच काहीतरी" म्हणेल. सहा महिन्यांनी एकदा पुन्हा विचारा, त्यापुढे मागे लागू नका.

रिपोर्ट कसा सांभाळायचा?

पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एक छापील प्रत फाईलमध्ये, दुसरी माहेरी भावाकडे किंवा बहिणीकडे. लॅबचं नाव, नमुना क्रमांक, जीनचं नाव आणि 'सी.' ने सुरू होणारा बिघाडाचा पूर्ण पत्ता पहिल्या पानावर असल्याची खात्री करा. त्यातला एकही अंक चुकला तर नातेवाइकांची चुकीची जागा तपासली जाते. हाताने उतरवून घेऊ नका, फोटोच पाठवा.